पी हळद आणि हो गोरी?

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या ओठांवर असते. कुणाला आज पेरलं की उद्याच उगवायला हवं असतं, त्याला आपण ती हमखास ऐकवतो. गंमत बघा, ही म्हण ज्या कुणी तयार केली त्यांना हळदीचे गुण माहीत होते आणि तिच्या मर्यादाही माहीत होत्या. हळद पिऊन कुणी झटक्यात गोरं होत नाही, आणि तसं होईल असं मानणाऱ्याची थट्टाच करायची असते, हे त्या मोजक्या शब्दांत आलं आहे. आज मात्र हीच थट्टा आपण खरी मानून बसलो आहोत. ‘सात दिवसांत गोरेपणा’, ‘घरच्या घरी उजळ कांती’ असं कुठे वाचलं, मोबाइलवर पाहिलं, की लिंबू कापलं जातं, हळद कालवली जाते, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर बाजारातून एखादी डबी गुपचूप घरात येते.

मैत्रिणींनो, घरगुती उपायांना नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. उलट आपल्या किनारपट्टीवरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले काही उपाय फार गुणाचे आहेत. फक्त ते कशासाठी होते हे आपण विसरत चाललोय. ते कातडी निरोगी ठेवण्यासाठी होते. तिचा रंग बदलण्यासाठी नव्हते.

उदाहरणादाखल दिघी घ्या. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातलं, राजपुरी खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे गाव. समोर पाण्यात जंजिरा किल्ला, पलीकडे मुरूड तालुक्यातलं आगरदांडा. पेपरात दिघीचं नाव आता बंदरामुळे येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं देशात १२ नवी औद्योगिक नगरं मंजूर केली, त्यांतही दिघी आहे. मोठ्या गोष्टी मोठ्या माणसांनी लिहाव्यात. आपण त्या गावातल्या बाईच्या हातापायांकडे बघू.

मासळी निवडणारी, सोलणारी, खारवून वाळत घालणारी बाई दिवसातले कितीतरी तास खाऱ्या पाण्यात हात घालून असते. वाडीत काम करणारी उन्हात असते. लावणीच्या दिवसांत पाय चिखलात असतात. आणि बाराही महिने दमट हवा. घाम येतो, पण वाळत नाही. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एखाद्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध अंश म्हणजे चुना. खारं पाणी, ऊन आणि भांड्याकपड्यांचा साबण या तिघांमुळे तो चुना निघून जातो. मग आतला ओलावा टिकत नाही. कातडी आधी कोरडी पडते, मग खरखरीत होते, मग तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात. किनाऱ्यावरच्या बाईचं त्वचेचं खरं दुखणं हे आहे. आणि त्यावरची औषधं त्याच किनाऱ्यावरच्या झाडांवर आहेत.

परसातली तीन तेलं

पहिला मान कोकमाचा. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकले की सालींची आमसुलं होतात आणि बिया उरतात. त्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो तो काढून थंड केला की घट्ट, पांढरट तेल मिळतं. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल असंही म्हणतात. हे तेल साध्या हवेत घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेनं हळूहळू विरघळतं. म्हणून ते भेगेत भरून राहतं, लगेच ओघळून जात नाही. आज मोठमोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपन्या ‘कोकम बटर’ म्हणून हेच आपल्या क्रीममध्ये घालतात आणि छोट्या डबीला भरपूर पैसे घेतात. आपल्या आजीकडे ते फडक्यात गुंडाळून फळीवर असायचं.

टाचांच्या भेगांसाठी ते असं वापरा. रात्री कामं आवरली की कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. वज्रीनं हलक्या हातानं घासा. रक्त निघेपर्यंत खरवडायचं नाही. पाय नीट कोरडे करा. कोकमाचं तेल थोडं कोमट करून भेगांत भरा आणि जुने सुती मोजे घालून झोपा. आठ-पंधरा दिवस रोज केलं तर फरक दिसतो. एक दिवस करून सोडून दिलं तर काही होत नाही. मधुमेह असेल तर मात्र टाचेच्या भेगेवर घरी प्रयोग नको. पायाला संवेदना कमी असते, जखम कळत नाही आणि चिघळते. गरम पाण्यानं भाजलेलंही लक्षात येत नाही.

दुसरं खोबरेल. ओला नारळ खवून, त्याचं दूध काढून, ते मंद आचेवर आटवलं की तेल सुटतं. काही घरांत त्याला आवेल म्हणतात. बाळाच्या अंगाला हे तेल लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आपल्यासारख्याच नारळाच्या देशात, फिलिपिन्समध्ये, कोरड्या कातडीच्या ३४ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे काहींना खोबरेल आणि काहींना त्वचेसाठी वापरतात ते खनिज तेल लावलं. दोन्हींचा गुण सारखाच आला. अभ्यास छोटा होता, पण आपल्या अनुभवाशी जुळणारा होता. खोबरेल लावायची वेळ महत्त्वाची. आंघोळ झाली की अंग अर्धवट ओलं असतानाच पातळ हात फिरवावा, म्हणजे तो ओलावा आत कोंडला जातो. मासळीचं काम झालं की हात आधी गोड्या पाण्यानं स्वच्छ धुवा, मग तेल. हातावर खार तसाच ठेवून वरून तेल चोपडण्यात अर्थ नाही.

पण चेहऱ्यावर मुरुमं असतील तर तिथे खोबरेल लावू नका. त्यानं छिद्रं बुजतात आणि मुरुमं वाढतात. छातीपाठीवर पांढुरकी शिबं उठली असतील तरी तेल नको. शिबं जंतांमुळे येतात असं आपल्याकडे सांगतात, पण ती एक प्रकारची बुरशी आहे आणि तिला तेलकट, घामट कातडी आवडते. तिच्यावरचं औषध स्वस्त आहे, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

तिसरं उंडीचं तेल. समुद्राकाठी उंडीची झाडं असतात, गोल गुळगुळीत फळांची. पूर्वी या बियांचं तेल दिव्यात जळायचं, होडीच्या लाकडाला लागायचं आणि दुखऱ्या सांध्यांना, खरचटल्याला लावलं जायचं. परदेशात हेच ‘तमानू’ नावानं विकलं जातं. ते फक्त बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. काहींना ते सोसत नाही, म्हणून आधी थोडं लावून बघावं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. नारळाचं झाड लावल्यावर फळाला यायला साधारण सहा-आठ वर्षं जातात. ज्या घरात तेल विकत आणायची पद्धत नव्हती, त्या घरांना ते विकत घ्यावं लागलं. घरगुती उपाय फुकट असतो असं आपण म्हणतो. पण त्यासाठी परसात झाड उभं असावं लागतं. नवी रोपं लावताना माडाबरोबर एखादा रातांबाही लावावा, एवढं या निमित्तानं सांगावंसं वाटतं.

चिखल्या आणि घामोळं

लावणी सुरू झाली की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी, फुगलेली, मग चिरलेली. खाज आणि आग. मेंदीचा पाला वाटून रात्री बेचक्यांत भरायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. तो करायला हरकत नाही, पण त्याहून मोठा उपाय म्हणजे कोरडेपणा. शेतातून आल्यावर पाय स्वच्छ धुवा, जुन्या सुती फडक्यानं प्रत्येक बोटाची फट टिपून घ्या आणि थोडा वेळ पाय उघडे ठेवा. ओल्या पायांवर तेल किंवा लेप थापला तर ओल आतच राहते. पाण्यात उतरण्याआधी मात्र कोरड्या पायांना तेलाचा हात लावलेला बरा, पाणी थेट कातडीत मुरत नाही. मेंदी ताज्या पाल्याचीच हवी. बाजारात लवकर रंगणारी ‘काळी मेंदी’ मिळते, तिच्यात केस रंगवण्याचं रसायन असतं आणि त्यानं अंगावर फोड येतात. सणावारी लहान मुलींच्या हातावर ती काढू देऊ नका.

घामोळं उठलं की आपण पावडरीचा थर देतो. घाम आणि पावडर मिळून छिद्रं आणखी बुजतात. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं आंघोळ, सैल सुती कपडे आणि घामेजल्यावर लगेच कपडे बदलणं, यानं अर्धं काम होतं. मुलतानी माती किंवा उगाळलेलं चंदन पातळ लावून, वाळल्यावर धुऊन टाकलं तर गार वाटतं. घामोळ्यावर तेल मात्र नको.

हळद, उटणं, डाळीचं पीठ

आता हळदीकडे येऊ. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळालं होतं. म्हणजे आपल्या आज्या जे करत आल्या, तो शोध त्यांनी लावला असा दावा. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं त्या पेटंटला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांतले आणि लेखांतले दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण त्याचा अभिमान बाळगतो, बाळगायलाच हवा. पण ती सगळी लढाई जखमेसाठी होती. हळदीनं माणूस गोरा होतो असा दावा तिथे कुणी केला नव्हता. हळद लावल्यावर चेहरा उजळलेला वाटतो तो तिच्या पिवळ्या छटेमुळे आणि चोळून मळ निघाल्यामुळे. धुतला की रंग पुन्हा आपला आपण असतो.

लहानसहान खरचटल्यावर, स्वच्छ धुऊन, हळद लावायला हरकत नाही. पण पाकिटातली किंवा सुटी हळद घेताना सांभाळा. रंग खुलवण्यासाठी तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा क्षार, मिसळण्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत. हळकुंडं आणून घरी किंवा गिरणीत आपल्यासमोर दळून घेणं सगळ्यात उत्तम. चेहऱ्याला आंबेहळद बरी. आणि मासळी साफ करताना काटा खोल रुतला असेल, तर हळद भरून फडकं बांधून बसू नका. जखम वाहत्या पाण्यानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हात सुजला, लाल झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उटणं आपण दिवाळीत एकदा लावतो आणि वर्षभर विसरतो. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन, गुलाबपाकळ्या, मसुराचं पीठ ही सगळी मळ काढणारी, सुवास देणारी द्रव्यं. आठवड्यातून एकदा दोन चमचे उटणं किंवा डाळीचं पीठ दुधात नाहीतर सायीत कालवून लावलं, अर्धवट वाळल्यावर हलक्या हातानं काढलं, तर साबणापेक्षा कातडीला सौम्य पडतं. मात्र पूर्ण वाळू देऊन खसाखसा घासू नका. त्यानं कातडी लाल होते, आणि लाल झालेल्यालाच आपण ‘तेज आलं’ म्हणतो.

तान्ह्या बाळाला तर डाळीच्या पिठाच्या गोळ्यानं रगडणं बंदच करायला हवं. अंगावरची लव जाते, बाळ उजळतं असं म्हणतात. ती लव काही महिन्यांत आपोआप गळते. बाळाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते, ती सोलवटून निघते. कोमट खोबरेल आणि हलका हात, एवढं बाळाला पुरे. गरोदरपणी केशराचं दूध प्यायल्यानं बाळ गोरं होत नाही हेही एकदा मोकळेपणानं बोलूया. बाळाचा रंग आईबापाकडून येतो. त्याच पैशात गरोदर बाईला अंडी, मासळी, नाचणी, पालेभाजी मिळाली तर तिच्या आणि बाळाच्या दोघांच्याही अंगी लागेल.

हे अंगाला लावू नका

काही गोष्टी झाडाच्या आहेत म्हणून निरुपद्रवी आहेत असं समजू नका. बिब्बाही झाडाचाच आहे. कोकणात पायाच्या भेगांना बिब्ब्याचं तेल किंवा काजूच्या टरफलाचा चीक लावतात. दोन्ही जहाल आहेत. कातडी भाजून निघते, फोड येतात, डाग राहतात. दुसऱ्याच्या कामात ‘बिब्बा घालणं’ हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही.

लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस आपल्या कातडीच्या मानानं फारच आंबट असतो. आणि तो लावून उन्हात गेलं तर डाग जाण्याऐवजी काळे चट्टे पडतात, कधी फोडही येतात. लसूण वाटून बांधल्यानं कातडी भाजते. मुरुमावर टूथपेस्ट, काखेत खायचा सोडा, हेही नको. कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावा आणि दोन दिवस वाट बघा. खाज, लाली, पुरळ आलं नाही तरच पुढे जा. दोन दिवसांचा धीर धरायलाच तर आपली म्हण सांगते.

उन्हासाठी सगळ्यात चांगला घरगुती उपाय आपल्या अंगावरच असतो, तो म्हणजे पदर. डोक्यावरून, गालावरून पदर घेऊन काम करणाऱ्या बायका तो नुसता रिवाज म्हणून घेत नाहीत. दुपारी ११ ते ३ या वेळात शक्यतो सावलीतलं काम घ्यावं. ते जमत नसेल तर लांब बाह्या, पदर किंवा रुंद टोपी.

बाजारातली ती डबी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. बाळंतपणानंतर, कधी गर्भनिरोधक गोळ्यांमुळे, कधी उन्हामुळे गालांवर, कपाळावर तपकिरी वांग येतो. किंवा मुलीचं लग्न ठरवायचं असतं आणि बघायला आलेली माणसं ‘मुलगी चांगली आहे, पण रंग जरा...’ असं म्हणून जातात. सावळ्या विठ्ठलाला आपण माऊली म्हणतो आणि सावळ्या लेकीची मात्र चिंता करत बसतो. मग कुणीतरी सांगतं, अमक्या दुकानात एक क्रीम मिळतं. डबीवर धड नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. पण पंधरा दिवसांत फरक पडतो. आणि खरंच पडतो.

तो का पडतो ते समजून घ्या. अशा डबीत बहुधा दोन गोष्टींपैकी एक असते. एक म्हणजे स्टिरॉइड. त्यानं सुरुवातीला चेहरा मऊ, उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, गालांवर लव वाढते. क्रीम थांबवलं की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून बाई ते पुन्हा लावते. या सापळ्यात आज शहरांत आणि खेड्यांत कितीतरी बायका अडकल्या आहेत. नायट्यावर, गजकर्णावरही हीच मिश्र औषधांची ट्यूब लावली जाते. खाज थांबते आणि नायटा मात्र आत पसरत जातो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. वेष्टनावर ती दिसली तर ते स्टिरॉइड आहे. लावण्याच्या अशा स्टिरॉइडांवर २०१८ साली केंद्र सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीचं बंधन घातलं. डॉक्टरांनी दिलेलं, ठरलेल्या दिवसांपुरतं ते औषध असतं. शेजारणीनं दिलेलं ते औषध नव्हे.

दुसरी गोष्ट पारा. पारा कातडीत रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरची बातमी आली होती. घरातल्या तिघी मायलेकी एकच, जवळच मिळालेलं गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं आढळलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा प्रमाणाबाहेर निघाला. एकाच घरातल्या तिघी आजारी पडल्या म्हणून डॉक्टरांना संशय तरी आला. एकटीच असती तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मोठ्या कंपन्यांनाही आता गोरेपणा उघड विकायची लाज वाटू लागली आहे. १९७५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं. जाहिरातीतून शब्द गेला, पण आपल्या घरातल्या बोलण्यातून तो जायला हवा. बिनलेबलाची डबी तोपर्यंत खपतच राहणार, जोपर्यंत आपण लेकीला आणि सुनेला ‘तुझा रंग जरा उजळ असता तर’ असं ऐकवत राहू.

घरचं औषध कुठे थांबतं

तेल, लेप, उटणं यांचं काम कातडीला आराम देणं. आजार झाला की तिथे त्यांचं काम संपतं. खालील गोष्टी दिसल्या तर घरी वेळ घालवू नका.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे टोचलेलं, गरम-गार कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका, लपवू नका. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं मोफत मिळतात आणि सहा महिने ते वर्षभर नेमानं घेतली की तो पूर्ण बरा होतो. वेळेवर उपचार केले तर हातापायांत व्यंग येत नाही.

नायटा दोन आठवड्यांत हटला नाही, पसरत गेला, घरात आणखी कुणाला झाला, तर सगळ्यांनी एकदम उपचार घ्यावेत. टॉवेल, परकर, अंथरूण वेगळं ठेवावं आणि कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या आहेत आणि घरभर सगळेच खाजवतायत, तर ती खरूज. तिलाही सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जात नाही. तीळ वाढतोय, रंग बदलतोय, जखम महिनाभर भरत नाही, पाय सुजून लाल आणि गरम झालाय, क्रीम लावणाऱ्या बाईच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज येऊन लघवीला फेस येतोय, यांतलं काहीही अंगावर काढायचं नाही.

दिघीसारख्या गावातून त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो, रोज बुडतो, हे खरं आहे. म्हणूनच बायका दुकानातून ट्यूब आणतात, त्यांना नुसता दोष देऊन काय उपयोग? पण तज्ज्ञाकडेच धाव घ्यायला हवी असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी दाखवा. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून तिथूनच दूरच्या तज्ज्ञांचा सल्ला मोफत मिळू शकतो, त्याबद्दल आशाताईंना विचारा. जाताना वापरत असलेली डबी, ट्यूब, पुडी बरोबर न्या. ‘काही लावलं नाही’ असं डॉक्टरांना सांगू नका. त्यांना खरं कळलं तर आजाराचं मूळ सापडतं.

आणि एक काम आपण बायकाच करू शकतो. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली क्रीमं घेऊन यावीत. वेष्टन एकत्र बसून वाचावं. शिकणाऱ्या मुलींना वाचायला बसवावं. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत नाही, ती बाजूला काढावी आणि पुन्हा विकत घेऊ नये. त्याच बैठकीत रातांब्याच्या बिया फुकट टाकण्याऐवजी गटानं कोकमाचं तेल काढता येईल का, याचाही विचार व्हावा. घरातल्या टाचांना उपयोग होईल आणि उरलं तर श्रीवर्धन, दिवेआगरला येणारे पर्यटक ते घ्यायला तयार असतात.

कातडी निरोगी आहे की नाही हे ओळखायला आरसा लागत नाही. ती चिरत नाही, खाजत नाही, आग होत नाही, जखम वेळेवर भरते, एवढं असलं की ती चांगली. त्यासाठी गोडं पाणी, थोडं तेल, सावली, पोटभर सकस जेवण आणि वेळेवर डॉक्टर लागतात. रंग कुठलाही असो.